शाळेचा पहिला आठवडा: मुलांची भीड चेपायची कशी?

पहिल्या दिवशी वर्गात शिरल्यावर नवे शिक्षक बहुतेक एकच गोष्ट करतात. एकेकाला उभं करतात आणि म्हणतात, "चला, आपापली ओळख करून द्या. नाव, गाव, छंद." पहिल्या बाकावरचं मूल उभं राहतं आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटतं. दुसरं मूल त्याचंच वाक्य उचलतं. दहाव्या मुलापर्यंत सगळ्यांचा छंद "वाचन आणि क्रिकेट" होऊन बसतो. शेवटच्या बाकावरचं पोर आपली पाळी कधी येते या धास्तीने नुसतं बाकाची कड खरवडत असतं. तासिका संपते, पण कुणाची कुणाशी ओळख झालेली नसते.

मी गेली एकवीस वर्षं नाशिकमध्ये पाचवी ते दहावीच्या मुलांना शिकवते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना मी दर जूनमध्ये एक गोष्ट सांगते, तीच इथे सविस्तर लिहिते. पहिल्या दिवशी कुठल्याही मुलाला सगळ्या वर्गासमोर बोलायला लावू नका. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग चौघांत, मग रांगेत. वर्गासमोर उभं राहणं आठवड्याच्या शेवटी, तेही ज्याला हवं त्यानेच. भीड अशी पायरीपायरीने चेपते. एकदम चेपायला गेलात तर ती आणखी घट्ट बसते.

आपल्याकडे पाचवीला आणि आठवीला वर्ग नव्याने जुळतो. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलं माध्यमिक शाळेत येतात, जुन्या जोड्या तुटतात. एकाच वर्गात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं असतात, त्यांतल्या कित्येकांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. सटाणा-कळवणकडून आलेल्या मुलांच्या तोंडी अहिराणी असते. सुरगाणा-पेठकडची मुलं घरी कोकणा बोलतात. जुन्या नाशिकातल्या काही घरांत उर्दू असते. यातल्या बऱ्याच मुलांना उत्तर येत असतं, पण आपलं मराठी इतरांसारखं नाही हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळतं आणि ती गप्प होतात. अशा मुलाला उभं करून "जरा मोठ्याने बोल" म्हणणं म्हणजे नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवणं.

शाळा उघडण्याआधीची तयारी

साधारण पंधरा जूनच्या सुमाराला शाळा उघडतात. त्याआधी दोन-तीन दिवस तरी वर्गाची यादी हातात घ्या आणि घरी मोठ्याने वाचा. हजेरीपटावर आडनाव आधी असतं. तसंच वाचायची सवय लागली की मुलं एकमेकांना आडनावाने ओळखू लागतात, आणि आडनावावरून पुढे काय काय ओळखलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी स्वतःसाठी एक वेगळी यादी करते, नुसत्या नावांची. एखाद्या नावाचा उच्चार नक्की माहीत नसेल तर त्यापुढे खूण करते आणि पहिल्या दिवशी त्या मुलालाच विचारते. नाव चुकीचं उच्चारलं की मूल सहसा दुरुस्त करत नाही. ते वर्षभर त्या चुकीच्या नावाला "हजर" म्हणत राहतं.

सामान फार लागत नाही. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा (कार्यालयात मागितला की मिळतो), रंगीत खडू, दोन-चार स्केचपेनं, सुतळीचा एक गुंडा आणि चिंध्यांचा चेंडू. रबरी चेंडू नको, तो बाकांखाली जातो आणि अर्धा वर्ग त्याच्या मागे.

आणि जून आहे हे विसरू नका. मैदानावर चिखल असणार, पोरांचे रेनकोट खिडक्यांना टांगलेले असणार, पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तुमचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जाणार नाही. त्यामुळे खेळ असे निवडा जे बाकांच्या मधल्या जागेत आणि फारसं न ओरडता होतील. प्रशिक्षणात दाखवतात ते गोल करून बसायचे खेळ छान असतात, पण ते वीस जणांसाठी असतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. माझ्या वर्गात बहुतेक वर्षी पन्नासच्या वर मुलं असतात. हा लेख अशाच वर्गासाठी आहे.

पहिला दिवस: दारात नाव, बाकावर पाटी

घंटा होण्याआधी वर्गाच्या दारात उभ्या राहा. मूल आत येताना त्याने आपलं नाव तुमच्या कानात सांगायचं, एवढंच. तुम्हीही तुमचं नाव त्याच्या कानात सांगा. पाचवीच्या मुलांना बाईंचं नाव कानात ऐकायला मिळतं याची फार गंमत वाटते. कानात सांगायचं असल्यामुळे ज्याला बोलताना अडखळायला होतं, ज्याचा आवाज फुटत नाही, ते मूलही नाव सांगतं. एका वर्षी एका मुलाला नावाच्या पहिल्याच अक्षराशी अडायला होत होतं. दारात मी खाली वाकून थांबले, मागची रांग थांबली, त्याने चौथ्या प्रयत्नात नाव सांगितलं आणि आत पळाला. हेच त्याला पन्नास जणांसमोर करावं लागलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तो आला असता की नाही, मला शंका आहे.

आत गेल्यावर प्रत्येकाने पाठकोऱ्या कागदाची उभी घडी घालून तंबूसारखी पाटी करायची आणि त्यावर आपल्याला ज्या नावाने हाक मारलेली आवडते ते नाव लिहायचं. घरचं नाव चालेल, शाळेतलं चालेल, पण चिडवायचं नाव नाही. ही पाटी आठवडाभर बाकावर राहील. रोज सुटताना गोळा करा आणि सकाळी तुम्ही स्वतः वाटा. पाटी ज्याची त्याच्या हातात देताना तोंडाने नाव घ्यायचं. चौथ्या दिवसापर्यंत तुम्हाला निम्म्याहून अधिक नावं चेहऱ्यासकट येतील. या एका गोष्टीसाठी मी कुठलाही खेळ सोडून द्यायला तयार आहे. बाईंना आपलं नाव येतं हे कळलं की मूल अर्धं मोकळं होतं.

पाऊस-टाळी

पाट्या झाल्या की हे शिकवा. एका हाताचा तळवा पसरायचा, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने त्यावर टिचक्या मारायच्या. मग दोन बोटं, तीन, चार, आणि शेवटी पूर्ण हाताने टाळ्या. पन्नास मुलांनी केलं की धो धो पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. मग उलट यायचं: चार बोटं, तीन, दोन, एक आणि गप्प. शेवटच्या एका बोटाला वर्ग इतका शांत होतो की खिडकीबाहेरची पागोळी ऐकू येते.

यात कुणाला एक शब्द बोलावा लागत नाही आणि तरी सगळ्यांनी मिळून काहीतरी केलेलं असतं. शिवाय तुम्हाला वर्ग शांत करायची खूण मिळते. पुढच्या सगळ्या खेळांत गोंगाट होणार आहे, तेव्हा ओरडू नका. तुम्ही एका बोटाने सुरू करा, बघून पहिला बाक करेल, मग दुसरा. पाऊस-टाळी न शिकवता दुसरा खेळ घेऊ नका. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहतील.

अर्ध्या म्हणी, पूर्ण जोड्या

आता जोड्या लावायच्या. "आपापली जोडी करा" असं म्हटलंत की जुन्या शाळेतून एकत्र आलेली मुलं एकमेकांना धरतात आणि एकटं आलेलं मूल एकटंच उरतं. म्हणून जोडी चिठ्ठीने ठरवा. एका चिठ्ठीवर म्हणीचा पहिला भाग, दुसरीवर उरलेला. "नाचता येईना" वाल्याने "अंगण वाकडे" शोधायचं. "थेंबे थेंबे" ने "तळे साचे", "अति तिथे" ने "माती", "कामापुरता मामा" ने "ताकापुरती आजी". जातीवरून, शरीराच्या व्यंगावरून, बाईच्या जातीला नावं ठेवणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. त्या चुकूनही चिठ्ठीवर येऊ देऊ नका.

मराठी घरची भाषा नसलेली मुलं जास्त असतील तर म्हणींऐवजी चित्रं घ्या. जुन्या दिनदर्शिकेतली किंवा वर्तमानपत्रातली चित्रं मधोमध वेडीवाकडी कापायची आणि तुकडे जुळवायला द्यायचे. संख्या विषम असेल तर एका चित्राचे तीन तुकडे करा. तिघांचा गट चालतो, पण बाईंच्या जोडीला बसलेलं मूल सगळ्यांत जास्त लाजतं.

जोडी लागली की फळ्यावर तीन प्रश्न लिहा:

घरी तुला काय म्हणून हाक मारतात?
शाळेत येताना वाटेत तुला काय काय दिसतं?
कुठली भाजी ताटात आली की तोंड वाकडं होतं?

पाच मिनिटं बोलू द्या. मग दोन जोड्या समोरासमोर बसवा आणि प्रत्येकाने स्वतःची नव्हे, आपल्या जोडीदाराची माहिती समोरच्या दोघांना सांगायची. दुसऱ्याबद्दल बोलताना मुलं कमी लाजतात. पहिला दिवस इथेच थांबवा. सगळ्या वर्गासमोर काही नाही. सुटण्याआधी प्रत्येकाने या तीन प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे द्यायची. या चिठ्ठ्या जपून ठेवा, गुरुवारी लागतील.

हे प्रश्न विचारू नका

तीन प्रश्न मी असेच निवडलेले नाहीत. वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, मूळ गाव कुठलं, वाढदिवसाला काय मिळालं, हे प्रश्न पहिल्या आठवड्यात नकोत. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेलं मूल तुमच्या वर्गात असेल, तर असल्या प्रश्नांनी ते एका दिवसात उघडं पडतं.

"सुट्टीत कुठे फिरायला गेला होतास?" हा प्रश्न तर सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी तोच विचारला होता. कुणी महाबळेश्वर म्हणालं, कुणी मामाच्या गावाला. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "चांदवडकडे, कांदे भरायला." वर्ग हसला. तो खाली बसला आणि दिवाळीपर्यंत त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. चूक हसणाऱ्या मुलांची नव्हती, प्रश्न माझा होता. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी आणि द्राक्षबागांची खरड छाटणी. कितीतरी मुलं सुट्टीत आई-वडिलांबरोबर शेतावर कामाला असतात, आणि हे मला, नाशिकमध्येच वाढलेल्या बाईला, विचारण्याआधी सुचायला हवं होतं.

आता मी तो प्रश्न दुसऱ्या तोंडाने विचारते. तो कसा, ते पुढे शुक्रवारच्या खेळात येईल.

दुसरा दिवस: तळ्यात-मळ्यात

हा खेळ प्रत्येक मुलाला येतो, शिकवावा लागत नाही. नेहमी बाई "तळ्यात", "मळ्यात" म्हणतात आणि मुलं उड्या मारतात. आपण त्यात थोडा बदल करायचा. दोन बाकांच्या रांगांमध्ये खडूची लांब रेघ मारा. एक बाजू तळं, दुसरी मळा. मग सांगा: "ज्याला मिसळ झणझणीत लागते तो तळ्यात, कमी तिखट लागते तो मळ्यात." "ज्याला पाऊस आवडतो तो तळ्यात, ऊन आवडतं तो मळ्यात." "सकाळी लवकर उठणारे तळ्यात, पांघरूण ओढणारे मळ्यात." "पोळी-भाजी तळ्यात, भाकरी-ठेचा मळ्यात."

उडी मारून झाली की खेळ लगेच पुढे नेऊ नका. अर्धं मिनिट थांबा आणि म्हणा, "आपल्या बाजूला कोण कोण आहे ते बघून घ्या." खरी ओळख या अर्ध्या मिनिटात होते. कालपर्यंत अनोळखी असलेला शेजारी एकदम "आपल्या तळ्यातला" होतो. दहा प्रश्नांत प्रत्येक मूल कधी या गटात, कधी त्या गटात जातं. मुलगे एकीकडे, मुली एकीकडे असं जे पहिल्या दिवशी झालेलं असतं ते न सांगता मोडतं.

दोन गोष्टी सांभाळा. प्रश्न पैशांचा नको, म्हणजे मोबाइल आहे की नाही, कार की रिक्षा, असा. आणि वर्गात चालायला त्रास होणारं मूल असेल तर उडी रद्द करा. सगळ्यांनीच बसल्या जागी दोन्ही हात वर केले तर तळं, बाकावर ठेवले तर मळा. त्या एकट्या मुलासाठी वेगळा नियम करू नका, नियम सगळ्यांचाच बदला.

पाऊस उघडला आणि पटांगण बरं असेल तर लहान वर्गांना "मामाचं पत्र हरवलं" किंवा विषामृत घ्या. त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही, मुलं तुम्हाला शिकवतील. सातवीच्या पुढे मात्र हात धरायला लावणारे खेळ टाळा. मुलगे-मुली अवघडतात. साखळी करायचीच असेल तर मध्ये रुमाल किंवा सुतळीचा तुकडा धरायला द्या.

नावांची माळ हा खेळही सगळीकडे सांगितला जातो: पहिल्याने आपलं नाव सांगायचं, दुसऱ्याने पहिल्याचं आणि स्वतःचं, तिसऱ्याने तिघांची. पन्नासच्या वर्गात हा खेळ शेवटच्या मुलावर अन्याय आहे. आठ-आठच्या रांगांत घ्या, तेवढ्यात तो गोड होतो. नावाला त्याच अक्षराने सुरू होणारं विशेषण जोडायची पद्धत मी बंद केली. "ढ" पासून नाव सुरू होणाऱ्या मुलाला वर्षभर कुठलं विशेषण चिकटेल याचा विचार करा. सुतळीचं जाळं विणण्याचा खेळही फोटोत सुरेख दिसतो, पण वीसच्या वर मुलं असतील तर उरलेला तास सुतळी सोडवण्यात जातो.

तिसरा दिवस: पुस्तकांना कव्हर

पहिल्या आठवड्यात बालभारतीची पुस्तकं हातात येतात. कोरी पुस्तकं, नवा वास, आणि घरी जाऊन कव्हर घालायची घाई. हे काम घरी पाठवू नका, वर्गात करा. पहिल्या दिवशीच्या जोडीने एकमेकांच्या पुस्तकांना कव्हर घालायचं. खाकी कागद नसेल तर वर्तमानपत्र चालेल, आणि माझ्या मते सगळ्यांनीच वर्तमानपत्र घालावं, म्हणजे कुणाचं चकचकीत आणि कुणाचं साधं असं होत नाही. लेबलवर नाव जोडीदाराने लिहायचं, आणि लिहिण्याआधी विचारायचं: "तुझं नाव कसं लिहितात?"

मी नुसती फिरत असते. एकाला कोपरा दुमडता येत नाही, दुसरा त्याच्या हातातून पुस्तक घेतो, "असं नाही रे, आधी आत मुडप," म्हणतो. दोघांचीही मान खाली, हात कामात. अशा वेळी मुलं जे बोलतात ते कुठल्याही खेळात बोलत नाहीत. आईला बरं नाही, ताईचं लग्न आहे, जुन्या शाळेतले मित्र दुसऱ्या तुकडीत गेले. डोळ्यात डोळे घालून बोलायचं नसेल तेव्हा माणूस मोकळा होतो.

आठवी-नववीच्या मुलांसाठी तर मी हाच रस्ता धरते. या वयाला टाळ्या-उड्या पोरकट वाटतात, आणि मागे बसलेल्या दोघांनी नाक मुरडलं की सगळा खेळ पडतो. त्यांना काम द्या. ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांना पट्ट्या लावणं, प्रयोगशाळेच्या बाटल्यांवर नवी लेबलं, भित्तिपत्रक फलक रंगवणं. चौघाचौघांचे गट चिठ्ठीने पाडा, काम तासाभराचं ठेवा, आणि ते खरोखर गरजेचं असू द्या. मोठ्या मुलांना खोटं काम लगेच कळतं.

चौथा दिवस: फरशीवर गोदावरी

बाक भिंतीकडे सरकवा आणि निळ्या खडूने फरशीवर गोदावरी काढा. फळ्याजवळच्या कोपऱ्यात ब्रह्मगिरी आणि त्र्यंबकेश्वर, तिथून गंगापूर धरण, मग वर्गाच्या मध्यावर रामकुंड. तिथे नदी दक्षिणेकडे वळते ते वळण नीट काढा, मुलांना ते माहीत असतं. मग नदी दाराकडे न्या. डाव्या तीरावर पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद. उजव्या तीरावर जुनं नाशिक, त्याच्या पलीकडे सातपूर, सिडको, आणि खाली नाशिक रोड, देवळाली. नासर्डीची बारीक रेघही ओढा. नकाशात तिचं नाव नंदिनी आहे, पण मुलं नासर्डीच म्हणतात.

आता पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या काढा. "शाळेत येताना वाटेत काय दिसतं" याची उत्तरं एकेक करून वाचा, नाव न घेता. "कंपनीचा भोंगा ऐकू येतो आणि मग मी पळतो." "काळाराम मंदिराच्या दारातले फुलवाले." "द्वारका चौकात सिग्नल लागला की बस हलत नाही." "द्राक्षाची बाग, आता नुसती पानं आहेत." चिठ्ठी ज्याची त्याने चालत जाऊन फरशीवर आपल्या घराच्या जागी उभं राहायचं. बोलायचं असेल तर बोलावं, नाहीतर नुसतं उभं राहिलं तरी चालतं. हळूहळू फरशीवर नाशिक भरत जातं. एकाच गल्लीत राहणारी दोन मुलं एकमेकांसमोर येतात आणि दुसऱ्या दिवशीपासून शाळेत बरोबर यायला लागतात.

एका वर्षी एक मुलगी नुकतीच नांदेडहून आली होती. तिला कुठे उभं राहावं कळेना. मी म्हटलं, "गोदावरी दाराबाहेर पडून पुढे पैठणला जाते, मग नांदेडला." ती दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली आणि आत डोकावून म्हणाली, "बाई, मग तुमच्याकडचं पाणी माझ्याकडे येतं." मागून एकाने विचारलं, "आणि तुझ्याकडून कुठे?" मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर भारताचा नकाशा उघडला आणि बंगालच्या उपसागरापर्यंत बोट नेलं. १,४६५ किलोमीटर. भूगोलाचा तास नव्हता तो, पण त्या मुलीला त्यानंतर वर्गात कुणी परकं मानलं नाही.

त्याच दिवशी भाषांची ओळखही होते. शिक्षकाने आपल्या मुलांच्या घरच्या भाषेतलं एखादं वाक्य शिकून ठेवावं. अहिराणी बोलणाऱ्या मुलीला मी एकदा "तुन्हं नाव काय शे?" असं विचारलं. चार दिवस खाली असलेली मान वर आली. माझा हेल चुकला होता, तो तिने हसत दुरुस्त केला. त्या आठवड्यात वर्गाला काहीतरी शिकवणारी ती पहिली मुलगी.

मोठ्या वर्गांना फरशीऐवजी नऊ चौकटींचा कागद द्या: "गोदावरीच्या पलीकडून येणारा", "पांडवलेणीच्या पायऱ्या चढलेली", "ढोल वाजवणारा", "तीन भाषा बोलणारी", "कारलं आवडीने खाणारा". प्रत्येक चौकटीत त्या माणसाला गाठून त्याची सही घ्यायची, एकाची सही एकदाच. चौकटी मात्र पुस्तकातून उतरवू नका. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या समोर ठेवून बनवा, आणि जी मुलं आत्तापर्यंत गप्प आहेत त्यांच्यातल्या प्रत्येकासाठी एक तरी चौकट अशी ठेवा की तिथे त्याचीच सही लागेल. मग वर्ग त्याला शोधत त्याच्या बाकाशी जातो. कारण तुम्ही ठरवलेलं असतं, पण मुलाला वाटतं आपली गरज पडली. आणि ती खरंच पडलेली असते.

पाचवा दिवस: हाताला काय येतं?

सुट्टीच्या प्रश्नाऐवजी मी आता हा विचारते: "तुझ्या हाताला काय येतं?" तोंडाने सांगायचं नाही, करून दाखवायचं. आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे कुणी सामान आणेल. आधी चौघांच्या गटात दाखवायचं. मग गटाने सुचवलं आणि त्या मुलाने मान हलवली, तरच वर्गासमोर. आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी सगळ्यांसमोर उभं राहतं ते इथे, आणि त्याच्या हातात काहीतरी असतं. रिकाम्या हातांनी उभं राहणं आणि हातात वस्तू घेऊन उभं राहणं यात फार फरक आहे.

कुणी कागदाची होडी करतं, कुणी वेणी घालतं, कुणी बाकावर ताल धरतं, कुणी सायकलची चेन कशी बसवतात ते पेन्सिलीने दाखवतं. एका वर्षी एका मुलाने दाभण आणि सुतळी आणली होती. दाभण वर्गात आणायला मी आधी परवानगी दिली होती, आणि ते माझ्याच हाताने पेटीतून काढून दिलं. टेबलावर रिकामी गोणी ठेवून त्याने तिचं तोंड शिवलं. गोणीची कड दुहेरी दुमडली, दोन्ही टोकांना कान काढले, म्हणजे उचलायला धरता येतात, आणि मग लांब टाके घालत सरसर शिवत गेला. शेवटी सुतळीला एक अशी गाठ मारली की एका टोकाला ओढलं की सगळी शिवण उसवते. "बाजार समितीत गोणी उघडायला सोपी पडते," म्हणाला. वर्ग उठून टेबलाभोवती गोळा झाला होता. "पुन्हा दाखव ना," असं तीन-चार जण एकदम म्हणाले.

ज्यांना काही दाखवायचं नसेल त्यांना "मी नंतर दाखवीन" म्हणायची मोकळीक पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि त्या "नंतर"चा तगादा लावू नका. एखाद्या मुलाचा "नंतर" ऑगस्टमध्ये येतो. आला की लगेच वेळ काढा, चालू धडा बाजूला ठेवावा लागला तरी.

मधल्या सुट्टीकडे लक्ष

आठवडाभर मधल्या सुट्टीत कार्यालयात बसू नका. ओळखीच्या खेळांचा उपयोग झाला की नाही हे तुम्हाला तिथेच दिसेल. पोषण आहाराची खिचडी वाढली जात असताना किंवा डबे उघडताना कोण कुणाशेजारी बसतं ते बघा. डबा दाखवायचा किंवा वाटून खायचा खेळ मात्र करू नका. कुणाच्या डब्यात काय आहे, काय नाही, कुणाकडे काय चालतं, काय चालत नाही, हे फार नाजूक आहे. खाणं मुलांना त्यांच्या मर्जीने वाटू द्या. एकटं बसलेलं मूल दिसलं तर त्याला उचलून कुणाशेजारी नेऊन बसवू नका, सगळे बघतात. त्याच्या जोडीदाराला हळूच एखादं काम सांगा, "दोघं मिळून पाण्याची टाकी भरली का बघून या." येताना ती दोघं बोलत येतात.

शनिवार: कोरा कागद

शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसा. पाट्या कपाटात ठेवलेल्या असू द्या, हजेरीपट मिटून ठेवा. कोऱ्या कागदावर बाकांच्या रांगा काढा आणि आठवून प्रत्येक जागेवर नाव लिहा. नावाखाली त्या मुलाबद्दल कळलेली एक तरी गोष्ट लिहा: भाजी, वाट, भाषा, हातातलं कसब, काहीही. सात-आठ जागा तरी रिकाम्या राहतील. माझ्या अजूनही राहतात, आणि त्या बहुतेक मधल्या रांगेतल्या असतात. पुढच्या बाकावरची मुलं आपोआप लक्षात राहतात, मागची त्यांच्या दंग्यामुळे. मधली निसटतात.

त्या रिकाम्या जागांची नावं आता हजेरीपटातून शोधून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी सोमवारी पर्समध्ये किंवा खिशात ठेवा. सोमवारी दारात उभ्या राहाल तेव्हा त्या मुलांना आधी नावाने हाक मारा.